साखरेची नळी आणि रूप बदलणारे न्यूट्रिनो

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शाळांना साखर कारखाना ही काही सहल काढून पाहायची वस्तू नव्हे. दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत मोळी पडली की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या परिसरात पुढले चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि हवेत मळीचा वास असतो. विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या घरचा ऊस तेथे गेलेला असतो. पण याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक उपकरण असते, त्याच्याकडे विज्ञानशिक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. ते म्हणजे पोलारीमीटर. रसातील साखरेचे प्रमाण, म्हणजे कारखान्याच्या भाषेतील ‘पोल’, या उपकरणाने मोजतात. साखर उताऱ्याचा हिशेब या मापावर उभा असतो आणि उताऱ्यावर उसाचा दर. म्हणजे पदार्थविज्ञानाचा एक सूक्ष्म नियम दर हंगामात शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो. हाच नियम आपल्याला विसाव्या शतकातील एका मोठ्या कोड्याच्या उत्तरापर्यंतही नेतो. ते कोडे न्यूट्रिनो या मूलकणाचे.

प्रथम उपकरण पाहू. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका ध्रुवकातून जातो. बाहेर पडताना त्याची कंपने एकाच प्रतलात होत असतात. हा झाला ध्रुवित प्रकाश. पुढे साखरेच्या द्रावणाने भरलेली नळी असते आणि नळीच्या पलीकडे दुसरा ध्रुवक. नळीत नुसते पाणी असेल तर प्रकाशाचे प्रतल जसेच्या तसे राहते. साखर असेल तर ते फिरते. २६ ग्रॅम शुद्ध साखर घेऊन १०० मिलिलिटर द्रावण केले आणि ते २०० मिलिमीटरच्या नळीत भरले, तर प्रतल सुमारे ३४.६ अंशांनी फिरते. साखरेच्या मोजपट्टीवर यालाच १०० धरतात.

आता कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञाला कधी करावी लागत नाही अशी गोष्ट आपण करू. नळी लांब लांब करत जाऊ. ५२ सेंटिमीटरला प्रतल ९० अंशांनी फिरलेले असेल. दुसरा ध्रुवक पहिल्याला समांतर ठेवला असेल तर येथे अंधार दिसेल. १०४ सेंटिमीटरला प्रतल १८० अंशांनी फिरेल, आणि उभी रेघ उलटी केली तरी उभीच राहते, त्यामुळे पुन्हा लख्ख उजेड. त्यापुढे पुन्हा अंधार, पुन्हा उजेड. प्रकाश कोठे नाहीसा झालेला नाही; आपण ज्या रूपात त्याला शोधत आहोत ते रूप ठरावीक अंतराने जाते आणि परत येते.

असे का व्हावे? याचे उत्तर फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दिले. एका प्रतलात कंप पावणारा प्रकाश म्हणजे दोन प्रकाशांचे मिश्रण आहे असे मानता येते. त्यातील एक डावीकडे वळत जाणारा, दुसरा उजवीकडे. साखरेच्या द्रावणात या दोघांचे वेग किंचित वेगळे असतात. एक जरासा मागे पडतो, आणि दोघांची बेरीज केली की प्रतल फिरलेले दिसते. पाण्यात दोघांचा वेग सारखाच, म्हणून तेथे काहीच घडत नाही.

यातील मर्म नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढील सगळा लेख त्यावर उभा आहे. प्रकाश जन्माला येतो आणि मोजला जातो तो ‘उभा’ किंवा ‘आडवा’ या रूपांत. प्रवास मात्र तो ‘डावा’ आणि ‘उजवा’ या रूपांत करतो. जन्माची रूपे निराळी, प्रवासाची रूपे निराळी. आणि प्रवासी रूपांत फरक असेल तरच वाटेत बदल घडतो.

बेपत्ता न्यूट्रिनो

न्यूट्रिनोची कल्पना वोल्फगांग पाउली यांनी १९३० साली मांडली. बीटा-किरणोत्सर्गात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. तो जुळवण्यासाठी त्यांनी विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजन नसलेला एक कण कल्पिला. हा कण पदार्थाशी इतका क्वचित अभिक्रिया करतो की एक प्रकाशवर्ष जाडीची शिशाची भिंत उभी केली तरी त्यातून बरेचसे न्यूट्रिनो पलीकडे निघून जातील. त्यामुळे तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ तो पकडला. पुढे कळले की न्यूट्रिनो एक नसून तीन प्रकारचे आहेत. इलेक्ट्रॉनच्या जोडीचा, म्युऑनच्या जोडीचा (१९६२) आणि टाऊच्या जोडीचा (२०००). न्यूट्रिनो पदार्थावर आदळून इलेक्ट्रॉन उत्पन्न करतो की म्युऑन की टाऊ, यावरून त्याचा प्रकार ओळखतात. त्याची दुसरी काही ओळख नाही.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना केवळ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो निर्माण होतात. पृथ्वीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला असे सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. दिवसा वरून, रात्री जमिनीखालून. उसाच्या पानातून, आपल्या तळहातातून, फळ्यावरच्या खडूतून. अमेरिकेतील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी सुमारे दीड किलोमीटर खोलीवर ६१५ टन द्रव भरलेली टाकी ठेवली. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी वापरतात तोच हा क्लोरिनयुक्त द्रव. न्यूट्रिनो क्लोरिनच्या अणूवर आदळला की आर्गॉनचा अणू तयार होतो. एवढ्या प्रचंड टाकीत सरासरी दोन दिवसांना असा एक अणू तयार व्हायचा आणि डेव्हिस तो शोधून मोजायचे. हे काम त्यांनी सुमारे पाव शतक चालवले. गवताच्या गंजीतील सुई शोधणे याच्यापुढे अगदीच सोपे म्हणावे लागेल. जॉन बाकॉल यांच्या गणितानुसार जितके अणू सापडायला हवे होते, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच सापडत राहिले.

बरीच वर्षे बहुतेकांचा समज असा की चूक डेव्हिसच्या मोजणीत असेल किंवा बाकॉलच्या गणितात. दोघेही बरोबर होते. चूक होती ती न्यूट्रिनोविषयीच्या आपल्या समजुतीत.

ब्रूनो पाँटेकोर्वो यांनी १९५७ साली न्यूट्रिनोंच्या रूपांतराची शक्यता सुचवली होती. जपानच्या माकी, नाकागावा आणि साकाता यांनी १९६२ मध्ये वेगवेगळ्या प्रकारांच्या मिश्रणाची कल्पना मांडली. साखरेच्या नळीवरून ती अशी सांगता येईल. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ ही न्यूट्रिनोची जन्माची आणि मोजणीची रूपे आहेत, आपल्या ‘उभ्या’ आणि ‘आडव्या’सारखी. प्रवासाची रूपे निराळी. त्यांना नुसतेच १, २ आणि ३ म्हणतात. यातील प्रत्येकाला स्वतःचे ठरावीक वस्तुमान असते. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो जन्मतो तो या तिघांचे एका विशिष्ट प्रमाणातील मिश्रण म्हणून. वस्तुमाने वेगळी असतील तर प्रवासात तिघांच्या लाटा एकमेकींच्या मागेपुढे होतात आणि मूळचे प्रमाण साधणारी बेरीज बिघडते. मुक्कामाला पोहोचल्यावर तोच न्यूट्रिनो म्युऑन-न्यूट्रिनो म्हणून मोजला जाण्याची काही शक्यता निर्माण होते. याला न्यूट्रिनोंचे दोलन म्हणतात. तिघांची वस्तुमाने सारखीच असती, किंवा तिघांचीही शून्य असती, तर ते पाण्याच्या नळीसारखे झाले असते. काहीच बदल घडला नसता. म्हणून रूपांतर दिसले, तर निदान एका न्यूट्रिनोला तरी वस्तुमान आहे असे मानावेच लागते. मूलकणांच्या प्रमाणित सिद्धांतात ते शून्य धरलेले होते. एवढा मोठा प्रश्न यात गुंतलेला होता.

दृष्टान्त कोठपर्यंत ताणावा हेही सांगितले पाहिजे. साखरेत निळ्या प्रकाशाचे प्रतल तांबड्यापेक्षा अधिक फिरते, म्हणजे अधिक ऊर्जेच्या प्रकाशाला आवर्तनासाठी कमी अंतर लागते. न्यूट्रिनोत नेमके उलट होते: ऊर्जा जितकी अधिक तितके आवर्तनाचे अंतर लांब. शिवाय प्रकाशाला साखरेचे माध्यम लागते, न्यूट्रिनो निर्वातातही रूप बदलतात. आणि नळीत ‘डावे’ आणि ‘उजवे’ समसमान मिसळलेले असतात, तर न्यूट्रिनोंत मिश्रणाचे प्रमाण तीन कोनांनी ठरते. त्यातील एक ४५ अंशांच्या आसपास, दुसरा ३३-३४ अंश आणि तिसरा जेमतेम साडेआठ अंश आहे. समसमान मिश्रण म्हणजे ४५ अंश. म्हणजे पहिल्या कोनापुरती आपली साखरेची नळी जवळजवळ तंतोतंत लागू पडते.

बारामतीच्या वर आणि बारामतीच्या खाली

आवर्तनाचे अंतर काढण्याचे सूत्र दहावीच्या विद्यार्थ्यालाही फळ्यावर सोडवता येईल. न्यूट्रिनोची ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये घ्यावी, तिला २.४८ ने गुणावे आणि दोन वस्तुमानांच्या वर्गांतील फरकाने (इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर्गात) भागावे. उत्तर मीटरमध्ये येते. निसर्गात असे दोन फरक आढळले आहेत. मोठा सुमारे ०.००२५ आणि लहान सुमारे ०.००००७५.

विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हा पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर म्युऑन-न्यूट्रिनो तयार होतात. त्यांतील एकाची ऊर्जा एक हजार दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट धरा. मोठा फरक वापरला तर आवर्तनाचे अंतर येते ९९२ किलोमीटर. बारामतीच्या आकाशातून सरळ खाली आलेल्या न्यूट्रिनोने जेमतेम वीस किलोमीटर कापलेले असतात. त्याला रूप बदलायला सवडच मिळत नाही. पण जमिनीखालून वर येणारा न्यूट्रिनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जन्मलेला असतो. बारामतीच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे, प्रशांत महासागर आहे. ईस्टर बेटापासून उत्तरेला साधारण हजार किलोमीटरवर. तेथून तो १२,७०० किलोमीटर येतो, म्हणजे बारा-तेरा आवर्तने पूर्ण करतो. प्रत्येक न्यूट्रिनोची ऊर्जा थोडी वेगळी असल्याने उजेड-अंधाराच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून जातात, आणि सरासरीने निम्मेच म्युऑन-न्यूट्रिनो शिल्लक राहतात.

नेमके हेच जपानमधील सुपर-कामिओकांडे या प्रयोगात दिसले. एक किलोमीटर खोल खाणीत ५०,००० टन शुद्ध पाणी आणि भोवती अकरा हजारांहून अधिक प्रकाशसंवेदी नळ्या. वरून येणारे म्युऑन-न्यूट्रिनो हिशेबाप्रमाणे होते. खालून येणारे निम्मे भरले. तकायामा येथील परिषदेत जून १९९८ मध्ये ताकाकी काजिता यांनी हे जाहीर केले. सूर्याचे कोडे २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरीच्या प्रयोगाने सोडवले. तेथे १,००० टन जड पाणी वापरले होते. जड पाण्यात एक अभिक्रिया केवळ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो करतात आणि दुसरी तिन्ही प्रकार सारखीच करतात. तिघांची बेरीज बाकॉलच्या गणिताशी जुळली. त्यातील इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो एक-तृतीयांश. काजिता आणि सडबरीचे आर्थर मॅक्डोनाल्ड यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक बारकावा आहे. तो शालेय पुस्तकांत सहसा सुटतो. सूर्याचे अधिक ऊर्जेचे न्यूट्रिनो वाटेत दोलने करत करत आपल्याकडे येतात असे नव्हे. सूर्याच्या गाभ्यात इलेक्ट्रॉनांची एवढी दाटी असते की तिचा प्रभाव केवळ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोवर पडून मिश्रणाचे प्रमाणच बदलते. वुल्फेनस्टाइन यांनी १९७८ मध्ये आणि मिखेयेव्ह व स्मिर्नोव्ह यांनी १९८५ मध्ये हे दाखवले. असा न्यूट्रिनो सूर्याबाहेर पडतो तो जवळजवळ निखळ ‘२’ या प्रवासी रूपात. पुढे मागेपुढे पडायला सोबतीच नाही, मग दोलन कसले? आणि ‘२’ मध्ये इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोचा अंश तीस टक्क्यांच्या आसपास आहे. डेव्हिसचा एक-तृतीयांश आला तो मुख्यतः यातून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अमोल दिघे यांनी याच माध्यम-परिणामाचा विचार पुढे ताऱ्यांच्या स्फोटापर्यंत नेला. स्मिर्नोव्ह यांच्याबरोबर २००० साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी, स्फोट पावणाऱ्या ताऱ्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंवरून त्यांच्या वस्तुमानांचा क्रम कसा ओळखता येईल, ते दाखवले. दिघे यांना २०१३ चे भटनागर पारितोषिक मिळाले.

हा ‘क्रम’ काय आहे? ‘१’ आणि ‘२’ यांची वस्तुमाने जवळजवळ आहेत, ‘३’ चे दूर आहे. पण ‘३’ सर्वांत जड की सर्वांत हलका, हे अजून ठरलेले नाही. आता फळ्यावरचे दुसरे गणित. अणुभट्टीतून निघणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोची ऊर्जा ४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट धरा. मोठ्या फरकाने आवर्तनाचे अंतर सुमारे ४ किलोमीटर येते, लहान फरकाने १३२ किलोमीटर. समजा बारामतीला अणुभट्टी आहे आणि आपण उपकरण घेऊन पूर्वेला निघालो. पहिल्या दोन किलोमीटरलाच एक लहानशी घट दिसेल. चीनमधील दाया बे प्रयोगाने २०१२ मध्ये ही घट साधारण एवढ्याच अंतरावर मोजली आणि साडेआठ अंशांचा तो तिसरा कोन हाती आला. पुढे दर चार किलोमीटरला अशी बारीक लहर येत राहील, आणि त्याच वेळी मोठी लाट हळूहळू खाली उतरत जाईल. इंदापूर बारामतीपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या थोडे अलीकडे आहे. तेथे पोहोचेपर्यंत बारीक लहरी बारा झालेल्या असतील आणि मोठी लाट तळाजवळ आलेली असेल. इंदापूर ओलांडून उजनी धरणाच्या दिशेने चार-पाच किलोमीटर गेलो की अंतर ५३ किलोमीटर भरते. चीनमधील जूनो हा प्रयोग अणुभट्ट्यांपासून नेमक्या ५३ किलोमीटरवर, सुमारे ७०० मीटर खोल उभा आहे. २०,००० टन प्रदीप्त होणाऱ्या द्रवाच्या गोलाने ऑगस्ट २०२५ मध्ये मोजणी सुरू केली. पहिल्या ५९ दिवसांतच त्याने मोठ्या लाटेचे मोजमाप आधीच्या प्रयोगांहून अधिक काटेकोरपणे केले. बारीक लहरी मोठ्या लाटेवर नेमक्या कोठे बसतात, यावरून वस्तुमानांचा क्रम ओळखायचा आहे. त्याला काही वर्षांची मोजणी लागेल.

कोलारची खाण आणि न झालेला बोगदा

हे सगळे जपान, कॅनडा, चीनमध्ये. मग आपण कोठे आहोत, असा प्रश्न शिक्षकांच्या शिबिरात हमखास येतो. याचे उत्तर अभिमानाचे आहे आणि खंत वाटावी असेही आहे. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो प्रथम पकडणाऱ्या दोन गटांपैकी एक भारतात होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत विश्वकिरणांची मोजणी करत होते. सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वरून येणारे म्युऑन जवळजवळ संपतात. तेथे आडव्या दिशेने आलेला म्युऑन दिसला तर तो वरून आलेला असणे शक्य नाही, कारण त्या दिशेला खडकाची जाडी फारच मोठी. तो जवळच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. म्हणून त्यांनी आपली उपकरणे भिंतींसारखी उभी मांडली, आडवे पाहण्यासाठी. मेनन, श्रीकांतन, रमणमूर्ती, नरसिंहम, आचार आणि त्यांचे ओसाका व डरहॅम विद्यापीठांतील सहकारी यांचा निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत काम करणाऱ्या राइन्स यांच्या गटाच्या निबंधाच्या काही दिवस आधी.

पुढे खाण तोट्यात गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. तोवर तेथील प्रयोग थांबलेले होते. नवी वेधशाळा तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, पोट्टीपुरमजवळच्या डोंगरात, बोगदा खणून करायचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली. चुंबकित लोखंडाच्या थरांचा ५०,००० टनांचा शोधक तेथे बसायचा होता. चुंबक अशासाठी की त्यात धन आणि ऋण म्युऑन विरुद्ध बाजूंना वळतात आणि न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखता येतात. पृथ्वीच्या पोटातून येताना या दोघांवर होणारा माध्यम-परिणाम वेगवेगळा, आणि त्यावरून वस्तुमानांचा क्रम कळतो. स्थानिक विरोध, न्यायालयीन दावे आणि राज्य सरकारचा नकार यांत हा बोगदा अडकला. मदुराईला ८५ टनांचा छोटा नमुना तेवढा उभा राहिला.

विरोधकांच्या दोन म्हणण्यांत फरक करायला हवा असे मला वाटते. न्यूट्रिनोंमुळे पिकांना, माणसांना अपाय होईल ही भीती निराधार आहे. वेधशाळा न्यूट्रिनो निर्माण करणार नव्हती, आधीच आरपार जाणारे मोजणार होती. पश्चिम घाटात सुरुंग लावणे, पाणी, जंगल, दगडांची वाहतूक याविषयीचे प्रश्न मात्र खरे होते, आणि खऱ्या प्रश्नांना गावकऱ्यांच्या भाषेत वेळेवर उत्तरे देणे हेही शास्त्रज्ञांचेच काम होते. बारामती-इंदापूरकडे असा बोगदा का होऊ नये, असेही कोणी विचारतो. डोक्यावर किलोमीटरभर खडक असलेला डोंगर हवा. आपला हा मुलूख सपाट आहे.

वर्गात करण्याजोगी गोष्ट मात्र सपाट मुलखातही होते. दोन ध्रुवक तुकडे घ्यावेत. जुन्या बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ते मिळतात. ६०० ग्रॅम साखर विरघळवून एक लिटर द्रावण करावे आणि सपाट बुडाच्या उंच काचेच्या भांड्यात २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावे. एक तुकडा भांड्याखाली, दुसरा वर, खालून पांढऱ्या दिव्याचा उजेड. पिवळ्या प्रकाशाचे प्रतल सुमारे ८० अंश फिरते, निळ्याचे त्याहून बरेच अधिक, तांबड्याचे कमी. वरचा तुकडा फिरवत गेले की रंग पालटत जातात. मग तुकडा स्थिर ठेवून द्रावण थोडे थोडे काढून घ्यावे आणि प्रत्येक उंचीला कोणता रंग दिसतो ते मुलांना वहीत लिहायला सांगावे.